चार वाजताचा फ्रेझिए

कोडाइकनालच्या बसने आलेलं स्ट्रॉबेरीचं खोकं सकाळी सव्वासातला जयलक्ष्मीच्या हातात पडलं, तेव्हा त्याचा एक कोपरा ओला आणि तांबडा झाला होता. घाटातल्या वळणावर कुणाची तरी ट्रंक त्यावर कलंडली असणार. तिने खोकं ओट्यावर ठेवलं, पदर खोचला आणि एकेक फळ बोटांनी चाचपून दोन ताटांत वेगळं करायला घेतलं. धड फळं चव्वेचाळीस निघाली, चेपलेली नऊ. केकला चाळीस लागणार होती, म्हणजे चुकायला चार फळांचीच मुभा होती. चेपलेली नऊ तिने टाकली नाहीत, एका वाटीत घालून बाजूला ठेवली. खाण्याची वस्तू फेकणं तिच्या हाताला जमतच नसे.

या सगळ्या धावपळीचं मूळ एलेनबाई. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत हनुमंतरावांचं आठ खोल्यांचं पाहुण्यांचं घर आहे, तिथे फ्रान्सहून आलेल्या सहा जणांत या बाई होत्या. शुक्रवारी त्यांना पंचाहत्तरावं लागणार होतं. जेवताना त्या सहज बोलून गेल्या, की लहानपणापासून दर वाढदिवसाला दुपारी चार वाजता त्यांनी फ्रेझिए, म्हणजे स्ट्रॉबेरीचा केक, खाल्लेला आहे. आधी आईच्या हातचा, मग दुकानातला. यंदा पहिल्यांदाच चुकणार. हनुमंतरावांचा स्वभाव आधी हो म्हणायचा आणि मग विचारायचा. ते म्हणाले, चुकेल कसा, आमच्या जयाक्का करतील. जयाक्का, म्हणजे तिथला स्वयंपाक सांभाळणारी जयलक्ष्मी, त्या वेळी आत डोसे घालत होती आणि फ्रेझिए हा शब्द तिने जन्मात ऐकलेला नव्हता.

पण हनुमंतरावांनी स्वयंपाकघरात येऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकल्यापासून जयलक्ष्मीला धड झोप नव्हती. मागच्या अंगणात नवं स्वयंपाकघर बांधून तयार होतं. सहा शेगड्या, मोठी भट्टी, बाहेरच्या लोकांनाही जेवायला बसता येईल असा सोपा. ते कुणाच्या हाती द्यायचं हे ठरायचं होतं. चेन्नईच्या एका हॉटेलातला माणूस यायला तयार होता.

"माझं मन तुमच्याकडे आहे, जयाक्का," हनुमंतराव म्हणाले होते. "पण लोक विचारतील, डोसे-सांबाराच्या पुढे त्यांना काय येतं. हा केक होऊं द्या. शुक्रवारीं चावी तुमच्या हातांत ठेवतों."

एकोणपन्नासाव्या वर्षी तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटत होतं, आणि ते उघड हवंसं वाटत होतं. ती चावी.

दुधाचं पातेलं मागे मंद आचेवर होतं. पंखा घरघरत होता. जयलक्ष्मी फळांचे देठ काढत, मनात मोजत, खिडकीकडे तोंड करून बसली होती. इतक्यात दारातून तिची मुलगी वाणी आली, आणि उंबऱ्यातच थबकली.

"अम्मा, गॅस."

ती धावत शेगडीपाशी गेली. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि बटण तसंच उघडं होतं. वाणीने ते बंद केलं, पंखा तसाच ठेवून खिडकीची दुसरी फळी उघडली आणि ओढणी नाकाला लावून उभी राहिली.

"आतांच पाहिलें मी," जयलक्ष्मी म्हणाली. "बंद करायला उठणारच होतें."

"अय्यो अम्मा, गेटपर्यंत स्मेल येतोय."

"फळं मोजत होतें ना ग. लक्ष गेलें नाही."

वाणीने शेगडीवरचं दूध पुसलं. वीस वर्षांची पोर, कॉलेजला परीक्षेआधीची सुट्टी, म्हणून आज फोनवरून कृती वाचून दाखवायला आणि पाहुण्यांशी इंग्रजी बोलायला आली होती. तिने आईकडे एकदा नीट पाहिलं आणि फोन काढला. जयलक्ष्मी पुन्हा फळांकडे वळली. देठ काढताना तिने एक धड फळ नखाने फोडलं. मुभा तीनवर आली.

तिला वास येत नव्हता. उतू गेलेल्या दुधाचा नाही, गॅसचा नाही, कशाचाच नाही. तीन वर्षांपूर्वी आठ दिवस ताप आला होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेवर उरलं ते नुसतं गोड, खारट, आंबट, कडू, तिखट. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी आणि रसम म्हणजे आंबट गरम पाणी. महिन्याभरात परत येईल असं तिला वाटलं होतं, मग वर्षभरात, मग तिने वाट पाहणं सोडलं.

सांगितलं मात्र कुणालाच नाही. जिला वास येत नाही तिला स्वयंपाकघरात कोण ठेवील? आणि तिच्या सुदैवाने लपवायला जागा तयारच होती. तिच्या सासर-माहेरच्या सगळ्या घरांत पिढ्यान् पिढ्या एकच रीत, देवाला दाखवल्याशिवाय स्वयंपाकातलं काही चाखायचं नाही. तेव्हा ती चाखत नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट कौतुकच झालं. केक-बिस्किटांच्या बाबतीत तर आणखी सोपं. त्यांत अंडं, आणि अंडं ती खात नसे. देवाच्या नावावर माणसाचं काय काय खपून जातं ते पाहावं. नवरा, सीतारामराव, ओरत्तनाडूच्या कचेरीत नोकरीला. त्यांना पानात मीठ नसलं तरी पेपर वाचून संपेपर्यंत कळत नसे, त्यामुळे तिकडूनही धोका नव्हता.

बाकी काम ती डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी करी. दूध नासलंय का ते पाहायला पळीभर दूध आधी ज्योतीवर धरायचं. रसमाचा फेस कडेला आला की उतरवायचं. फोडणीचा आवाज बदलला की मोहरी झाली. हिंग मिऱ्याएवढा, रोज तेवढाच. चुकली म्हणून तिला तीन वर्षांत कुणी बोललेलं नव्हतं. गॅसचं बटण ती झोपायला जाण्याआधी तीनदा फिरवून पाही. आज सकाळी फळांच्या नादात तिने तिकडे पाहिलंही नव्हतं.

दहाच्या आत केक भाजून झाला. भट्टीच्या काचेतून तिने तो फुगताना पाहिला, बोटाने दाबला, दाबलेली जागा वर आली, काढला. त्याच्या दोन चकत्या कापल्या. बदामाची पोळी तिने पहाटेच लाटून ओल्या फडक्याखाली ठेवली होती. मग दूध, अंड्याचा बलक, साखर, मक्याचं पीठ. वाणी वाचत होती आणि ती ढवळत होती.

"थिक झाल्यावर अजून दोन मिनिटं शिजवायचं म्हणतोय, अम्मा. नाहीतर रॉ टेस्ट येते."

"बुडबुडा जड होऊन फुटतो, तेव्हां होतें. पाहा, आतां."

क्रीम परातीत ओतून, परात बर्फावर ठेवून तिने ते गार केलं. बाहेर मार्च लागायचा होता, पण अकरालाच फरशी तापली होती. आता उरलं लोणी. बिनमिठाचं लोणी हनुमंतरावांनी गुरुवारी तिरुचीच्या मोठ्या दुकानातून आणलं होतं, नेमकं लागेल तेवढंच. तिने काल संध्याकाळीच त्याचे तुकडे करून स्टीलच्या पसरट डब्यात ठेवले होते, वर केळीचं पान. लोण्यावर घट्ट झाकण घालायचं नाही, केळीचं पान घालायचं, हे ती आजीकडून शिकली होती. फ्रिज लहान. त्या पानावरच तिने शुक्रवारच्या पूजेचा दोन हात कदंबम ठेवला होता. तंजावूरचा कदंबम म्हणजे नुसता गजरा नव्हे. मोगरा, कण्हेर, आणि मध्ये मध्ये मरिकोळुंदूची, म्हणजे दवण्याची, हिरवी पानं गुंफलेली जाड माळ, जी गल्लीच्या या टोकाला विकत घेतली तर तिचा दरवळ त्या टोकापर्यंत सोबत येतो. आज सकाळी तिने ती माळ काढून स्वयंपाकघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीला घातली होती. दर शुक्रवारचं काम. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

लोणी मऊ झालं, तिने एकेक चमचा क्रीममध्ये घालून फेटायला सुरुवात केली, आणि सहाव्या चमच्याला क्रीम फाटलं. दाणे दाणे झाले, कडेला पाणी सुटलं.

"अम्मा, हे तर ताक झालं."

"गप."

जयलक्ष्मीने डब्यात पाहिलं. दुसरं लोणी नव्हतं. ते आणायला तिरुचीला जाऊन यायचं तर तीन वाजून जाणार. तिने डोळे मिटून क्षणभर नुसता फेटण्याचा आवाज ऐकला. आवाज ओला, पचपचीत होता. क्रीम बर्फावर जास्त गार झालंय आणि लोणी त्यात गोठतंय, एवढं तिला त्या आवाजावरून कळलं. तिने परात उचलून कोमट पाण्याच्या पातेल्यावर धरली, पाच श्वास मोजले, उतरवली, फेटली. पुन्हा धरली, पुन्हा फेटली. तिसऱ्या खेपेला आवाज घट्ट आणि सुका झाला, आणि डोळे उघडले तर क्रीम साटिनच्या पोलक्यासारखं चमकत होतं.

वाणी फोन खाली ठेवून पाहत राहिली. "हे यात लिहिलेलंच नाही," ती म्हणाली.

जयलक्ष्मीला त्या क्षणी वाटलं, की चावी आपली झाली.

रिंगमध्ये खालची चकती, कडेने अर्धी कापलेली फळं कापलेली बाजू बाहेर करून उभी, त्यांच्या फटीत क्रीम, मध्ये उरलेली फळं, वर पुन्हा क्रीम, वर दुसरी चकती. एकही फळ वाकडं गेलं नाही. सव्वाएकला केक फ्रिजमध्ये गेला. दोन-अडीच तास गार व्हायचा, मग रिंग काढायची, वर बदामाची पोळी घालायची, चारला टेबलावर.

ती भांडी गोळा करायला वळली. वाणीने परातीच्या कडेला राहिलेलं क्रीम बोटावर घेतलं आणि चाटलं. ही मुलगी कॉलेजच्या कँटीनमध्ये अंडं खाते हे जयलक्ष्मीला ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे तिने वाणीला कळू दिलेलं नव्हतं. ती बोलणार नव्हतीच. पण वाणीचं बोट तोंडातच थांबलं.

"अम्मा, यात कदंबम घातलास का?"

"काय?"

"कदंबम. फ्लॉवर. अस्कं, सगळंच क्रीम त्याच वासाचं आहे."

"तें लक्ष्मीच्या गळ्यांत आहे. तिकडून येतो वास."

"इल्ले अम्मा, तिकडून नाही. आत आहे. तोंडात येतो." तिने परात आईच्या पुढे धरली. "पाहा."

जयलक्ष्मीने परात घेतली. नाकाजवळ नेली. तिला दिसलं ते पिवळसर क्रीम, आणि नाकात गेली ती नुसती हवा, गार, कोरी. त्याच वेळी तिला केळीचं पान आठवलं, पानावरची माळ आठवली, आणि लोणी वास ओढून घेतं हे लहानपणापासून माहीत असलेलं साधं सत्य आठवलं. पूर्वीच्या जयलक्ष्मीने सकाळी फ्रिज उघडताच ओळखलं असतं.

"हो," ती म्हणाली. "थोडा येतो खरा. गार झाल्यावर जाईल."

"थोडा?" वाणी म्हणाली.

तिने परात आईच्या हातातून काढून घेतली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी एकेक करून जुळत होतं, आणि ते जुळताना जयलक्ष्मी पाहत होती; थांबवायला तिच्याकडे काही नव्हतं.

"सकाळी गॅस," वाणी म्हणाली. "मग त्या दिवशी घरी डाळ जळली, तू समोर बसून शेंगा सोलत होतीस. मी वरून धावत आले. अम्मा, तुला वास येत नाही ना?"

जयलक्ष्मीने दुधाचं पातेलं धुवायला घेतलं. मग नळ बंद केला.

"तीन वर्षं झालीं," ती म्हणाली.

"अप्पांना?"

"कोणासच ठाऊक नाही."

वाणीला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. घरी आपण झोपलेलो असतो तेव्हा, असं ती काहीतरी म्हणायला लागली आणि वाक्य अर्धंच सोडलं. जयलक्ष्मीला ते पुढचं अर्धं बरोबर ऐकू आलं. तिला लाज वाटली. तीन वर्षं तिने स्वतःला समजावलं होतं, की आपण लपवतोय ते फक्त आपलं दुःख आहे.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

"रावांना सांगते मी," वाणी म्हणाली. "केक नाही म्हणून सांगू. काय होतं मग?"

"चावी जाते. आणि म्हातारीचा वाढदिवस जातो." जयलक्ष्मीने पदराने तोंड पुसलं. "आधीं हें सांग. वास वाईट आहे का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तोंड तुझें. माझें असतें तर मी विचारतें का? चाख पुन्हां. हळू. पुढें काय येतें, मागून काय येतें, मला सांग."

त्या स्वयंपाकघरात देवाला दाखवण्याआधी जयलक्ष्मीने कुणाला चाखायला सांगायची ती पहिलीच वेळ. वाणीने पळीतलं क्रीम जिभेवर घेतलं आणि डोळे मिटले. तिला मराठी कळायची सगळी, पण बोलताना शब्द अडायचे. निम्मे तमिळमधून यायचे, निम्मे इंग्रजीतून.

"आधी मरिकोळुंदू. पच्चै... हिरवा. औषधासारखा नाही, पण जोरात आहे. मग मागून मल्लिप्पू, मोगरा. व्हॅनिला नाहीच, गेलं. आणि खाऊन झाल्यावर, कसं सांगू, कोविलमध्ये, देवळात, लाइनीत पुढे कुणी बाई असते ना केसांत फुलं घातलेली, तसं राहतं."

"कडू?"

"शेवटी थोडं."

जयलक्ष्मी ऐकत होती आणि तिच्या आत कुठेतरी, नाकात नव्हे, तो दरवळ उभा राहत होता. मरिकोळुंदू. तीन वर्षांत तिने त्याचं नावसुद्धा मनात आणलेलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, पण वेळ नव्हता.

"बदामाची पोळी नोको," ती म्हणाली. "बदाम गोड, लोणी जड, त्यांत हें फूल, सगळें घशाशीं येईल. आंबट पाहिजे वर. तीं चेपलेलीं फळं आण."

नऊ फळं, थोडी साखर, लिंबू. तिने रस आटवला आणि गाळला. जिभेला आंबट तिला कळत होतं, पण ते आंबट त्या फुलाशी भांडतंय की जमवून घेतंय हे तिला कळणं शक्य नव्हतं. म्हणून वाणी एका चमच्याने रस आणि दुसऱ्याने क्रीम घेई, आणि ती वाणीच्या तोंडाकडे बघे.

"अजून फूलच पुढे आहे."

लिंबू.

"आता लिंबूच."

चमचाभर साखर.

"कडू गेलं. पण चपटं झालं."

जयलक्ष्मीने चिमूटभर मीठ टाकलं. वाणीने चाखलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "सरी, जमलं," ती म्हणाली. "आता पहिलं स्ट्रॉबेरी येते. फूल नंतर येतं, निघताना."

साडेतीनला रिंग निघाली. फळांच्या कापलेल्या तांबड्या पाकळ्या क्रीममध्ये ओळीने उभ्या होत्या आणि वर तांबडा पारदर्शक रस आरशासारखा बसला होता. दिसायला केक इतका सुंदर होता की जयलक्ष्मीला त्याची भीती वाटली.

चार वाजता सगळे घराच्या पुढच्या सोप्यात जमले. एलेनबाईंनी पांढरी सुती साडी नेसली होती, निऱ्या कुणीतरी पिनांनी टाचून दिल्या होत्या. हनुमंतराव धोतर नेसून, कपाळाला गंध लावून उभे. त्यांच्या कमरेला ती नवी चावी लटकत होती. वाणी बाईंच्या शेजारी, जयलक्ष्मी दारात.

एलेनबाईंनी केक कापला, आतली बाजू पाहिली आणि काहीतरी पुटपुटल्या. मग पहिला घास घेतला. चावला. चमचा ताटलीत ठेवला.

बाई वाणीशी इंग्रजीत बोलल्या. वाणीने आईकडे वळून सांगितलं, "त्या म्हणतात, हा माझ्या आईचा फ्रेझिए नाही."

हनुमंतरावांचा चेहरा पडला. पण बाईंनी दुसरा घास घेतला होता, आणि तिसरा. मग त्यांनी वाणीला काहीतरी विचारलं.

"यात कोणतं फूल आहे, म्हणतात. आणि आणखी एक तुकडा मिळेल का."

हनुमंतरावांनी घाईघाईने आपल्या ताटलीतला घास तोंडात टाकला, आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"कदंबम," ते म्हणाले. "जयाक्का, हा तर आपला कदंबम. फ्रान्सच्या केकांत तंजावूर घातलांत तुम्ही." ते इंग्रजीत पाहुण्यांना सांगत सुटले, की ही यांचीच कल्पना, असा हात साऱ्या जिल्ह्यात नाही, उद्यापासून मागचं स्वयंपाकघर यांचं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हनुमंतरावांनी कमरेची चावी सोडली आणि दारात येऊन तिच्यापुढे धरली. "घ्या. सहा शेगड्या, चार सिलिंडर. आजपासून उघडायचं तुम्ही, बंद करायचं तुम्ही."

वाणी खाली बघत होती. ती काही बोलणार नव्हती; तेवढं जयलक्ष्मीला स्पष्ट दिसलं. हात पुढे करायचा, बस्स. तिने हात अर्धा पुढे केलासुद्धा. मग चार सिलिंडर हे शब्द तिच्या कानात पुन्हा वाजले, आणि सकाळी ओढणी नाकाला लावून उभी राहिलेली पोर तिच्या डोळ्यांपुढे आली. वरच्या आठ खोल्यांत लोक झोपतात.

"राव, कल्पना नव्हे ती," जयलक्ष्मी म्हणाली. "चूक झाली माझी. लोण्यावर फूल ठेवलें, आणि मला कळलें नाही. मला वास येत नाही. तीन वर्षं झालीं. सकाळीं इकडे गॅस उघडा राहिला होता, वाणी आली म्हणून कळलें."

हनुमंतरावांनी चावीचा हात मागे घेतला. ते तिच्या बाजूने स्वयंपाकघरात गेले, आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केल्याचा आवाज दारापर्यंत आला. पाहुण्यांना काही कळलं नाही. ते दुसरा तुकडा घेत होते.

ती आत गेली तेव्हा ते लोण्याच्या रिकाम्या डब्याचा वास घेत होते.

"तीन वर्षं रोज तुमचें रसम खातों मी," ते म्हणाले. "मला कळलें नाही. कोणास कळलें नाही." त्यांनी डबा ठेवला. "पण तुम्हीं सांगायला पाहिजे होतें, जयाक्का."

"हो."

"चेन्नईच्या माणसाला मी फोन करतों. मोठ्या शेगड्या मी तुमच्यावर सोडूं शकत नाही. रागावूं नका."

"रागवायला माझ्याकडे तोंड कोठे आहे?"

"इकडचें तुमचेंच राहील. पण शेजारीं माणूस पाहिजे, वास येणारें, चाखणारें." ती काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "देवाचें मला सांगूं नका आतां. देवाशीं मी बोलतों."

घरी जाताना तिला चावीचं इतकं वाईट वाटलं की राजवाड्याच्या कोपऱ्यावर ती थांबलीच, आणि भर रस्त्यात, फुलवालीच्या टोपलीपुढे, रडली. वाणी तिची पिशवी धरून उभी राहिली. फुलवालीने न विचारताच वीतभर कदंबम तोडून पुढे केला, आणि वाणीने तो आईच्या अंबाड्यात खोवला.

संध्याकाळी सीतारामरावांना सगळं सांगून झालं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि आज कॉफी मी करतो म्हणाले. ती कॉफी पिण्यासारखी नव्हती, असं वाणीने सांगितलं. रात्रीचा भात उतरवून जयलक्ष्मीने बटण फिरवलं. सवयीने हात दुसऱ्यांदा तिकडे गेला. तिने तो मागे घेतला.

"वाणी," तिने बाहेरच्या खोलीकडे पाहून विचारलं, "वास येतो का ग गॅसचा?"

वाणी पुस्तक ठेवून उठली, स्वयंपाकघराच्या दारात आली आणि श्वास घेतला.

"नाही, अम्मा. फुलांचा येतो."

"सरी," जयलक्ष्मी म्हणाली, आणि पानं मांडायला घेतली.